गुण आणि तुकडी

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिलाय 'माझा छंद' आणि वेळ दिलीय वीस मिनिटं. माझ्या आधी बोन्सायची झाडं झाली, त्याच्या आधी सायकलवरची नर्मदा परिक्रमा झाली. त्यामानाने माझा छंद चारचौघांत सांगायला जरा अवघडच. पंचेचाळिसाव्या वर्षी मी बोटभर उंचीचे बुटके सैनिक रंगवते, त्यांच्या पलटणी करते आणि जेवणाच्या टेबलावर त्यांची लढाई लावते. घरी आलेले पाहुणे कपाटाकडे बघून विचारतात, "मुलाचं का हो?" मुलाचं नाही. मुलाला त्यात काडीचा रस नाही.

तसं बघितलं तर तुमच्यापैकी कुणालाच हे अगदी नवीन नाही. दिवाळीत आपण सगळ्यांनी किल्ले केलेत. माती, गोणपाट, वर पेरलेले अळीव, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. महाराज माथ्यावर सिंहासनावर बसणार, एवढं ठरलेलं असायचं. मावळ्यांचं काहीच ठरलेलं नसायचं. तोफेपाशी किती, दरवाज्यावर किती, विहिरीजवळ कोण, यावरून भांडणं व्हायची. माझा खेळ तिथूनच सुरू होतो. फक्त समोर दुसऱ्याची फौज असते, हातात फासे असतात, आणि कोण कुठे उभा केला याचा जाब सहा फेऱ्यांत द्यावा लागतो.

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला होते. आपल्याला ते गाव रॉबिन हूडचं म्हणून माहीत. या खेळाच्या लोकांना मात्र ते पंढरपूर आहे. 'वॉरहॅमर' हा खेळ १९८३ साली आला; तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्यालय आज तिथे आहे. एल्फ, बुटके, ऑर्क, सांगाड्यांच्या फौजा, ड्रॅगन असलं सगळं कल्पनेतलं जग, पण लढाईची शिस्त जुन्या पायदळाची: रांगा, आघाडी, बगल, पिछाडी. २०१५ साली त्या कंपनीने रांगांचा तो खेळ बंद करून वेगळ्या धर्तीचा खेळ आणला, तेव्हा रांगा आवडणारे बरेच लोक 'किंग्ज ऑफ वॉर' नावाच्या दुसऱ्या खेळाकडे वळले. त्याचे मूळ नियम लिहिणारे अलेसिओ काव्हातोरे आधी गेम्स वर्कशॉपमध्येच होते, आणि तो काढणारी मँटिक कंपनीही नॉटिंगहॅमचीच. मी खेळते तो हा खेळ, २०१९ ची तिसरी आवृत्ती. मला तो आवडण्याचं एक कारण अगदी कोकणस्थी आहे. बाहुल्या कुठल्याही कंपनीच्या चालतात. पुठ्ठा योग्य मापाचा हवा, बस. पुण्याला परतल्यावर पहिले काही डाव मी दिवाळीचे मावळे पुठ्ठ्यावर चिकटवून खेळले आहे.

आता मुद्द्यावर येते. या खेळात एकटा सैनिक कधीच नसतो, असते ती तुकडी. इंग्रजीत युनिट म्हणतात, मी तुकडीच म्हणते. आणि प्रत्येक तुकडीला असतात गुण, म्हणजे तिची किंमत. दोघांनी समान गुणांच्या फौजा आणायच्या, समजा दोन हजारांच्या, म्हणजे सामना बरोबरीचा. गुण आणि तुकडी हे दोन शब्द एका वाक्यात आले की या सभागृहात काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात, ते मला इथून दिसतंय. त्याकडे येणारच आहे. आधी जरा खेळ समजून घ्या.

प्रत्येक तुकडीचं एक प्रगतिपुस्तक असतं. मुख्य विषय सहा: वेग, हातघाई, नेमबाजी, बचाव, हल्ल्याचे फासे आणि धीर. नवा खेळाडू पुस्तक उघडतो आणि पहिले तीन विषय बघून भाळतो. वेग जास्त, हातघाईत हुशार, फासे भरपूर, घेऊन टाकली! तुकडी कळते ती शेवटच्या विषयात, धीरात.

धीराचे दोन आकडे असतात. माझे साधे बुटके, आयर्नक्लॅड त्यांचं नाव, वीस जणांच्या तुकडीत १४/१६ धीराचे आहेत. लढाईत तुकडीला जखमा होतात, त्या साठत जातात. एकही बाहुली उचलायची नाही. मार बसला की शत्रूने दोन फासे टाकायचे आणि त्या बेरजेत आत्तापर्यंतच्या जखमा मिळवायच्या. चौदाच्या आत राहिलं तर तुकडी ठाम. चौदा किंवा पंधरा झाले तर ती डगमगते, पुढच्या फेरीत हल्ला करू शकत नाही. सोळा झाले की मोडली, सगळीच्या सगळी टेबलावरून बाहेर. दोन्ही एक्के पडले तर मात्र जखमा कितीही असोत, तुकडी टिकते. ही तरतूद कुणाला सुचली माहीत नाही, पण त्याने आयुष्य पाहिलेलं असणार.

आता हे आकडे जरा थांबून बघा. दहा बुटक्यांची लहान तुकडी असते, तिला हल्ल्याचे फासे दहा. वीस जणांची असते, तिला फासे बारा. माणसं दुप्पट आणि फासे दोनच जास्त? मी क्लबातल्या लोकांना विचारलं, ही कसली लूट आहे? कारण सोपं आहे. दोन्ही तुकड्यांची रुंदी सारखीच, दहा सेंटिमीटर. वीस जणांची तुकडी नुसती खोल होते. मागच्या रांगेतल्याचा हात पुढच्या शत्रूपर्यंत पोचत नाही. मग ते मागचे दहा जण करतात काय? धीर १०/१२ होता तो १४/१६ होतो. मागे कुणीतरी उभं आहे म्हणून पुढचा पळत नाही, एवढंच त्यांचं काम. चाळीस जणांची तुकडी रुंदही होते, तिला फासे पंचवीस आणि धीर २१/२३. पण ती वळवायची म्हणजे लग्नाची वरात अरुंद बोळातून नेण्यासारखं आहे.

बीजगणिताचे सर समोर बसलेत, म्हणून थोडा हिशेब करून दाखवते. समजा तितक्याच ताकदीची शत्रूची तुकडी माझ्या बुटक्यांवर समोरून आली. फासे बारा, चार किंवा वर पडला की फटका लागतो, म्हणजे सरासरी सहा. माझ्या बुटक्यांचा बचाव पाच, म्हणजे पाच किंवा सहा पडला तरच जखम. सहातले दोन. जखमा दोन, आणि मोडायला हवेत सोळा. दोन फाशांवर चौदा कसे पडणार? तुकडी मोडणं अशक्य. डगमगायला बारा हवेत, छत्तीसात एकदा.

तीच शत्रूची तुकडी बगलेतून आली तर तिचे फासे दुप्पट होतात. जखमा चार. आता ठाम न राहण्याची शक्यता छत्तीसात सहा. पिछाडीवरून आली तर फासे तिप्पट, जखमा सहा, आणि शक्यता छत्तीसात पंधरा. यात माझी तुकडी तीच, समोरची तुकडी तीच, दोघांचे गुण तेच, प्रगतिपुस्तकातला एक आकडा बदललेला नाही. बदललं ते एवढंच, कोण कुठे उभं होतं आणि शेजारी कोण होतं.

शेजारी कोण होतं, हे मी मुद्दाम म्हणते. कारण बगल झाकायची असते ती शेजाऱ्याने. बुटक्यांचा वेग चार इंच. हल्ला करताना दुप्पट, म्हणजे आठ. जड घोडदळाचा वेग आठ, त्याचा हल्ला सोळा इंचांवरून येतो. म्हणजे घोडदळ कधी आणि कुठून येणार हे तेच ठरवणार. बुटक्यांच्या हातात एवढंच की ते येतील तेव्हा बगल उघडी नसावी.

घोडदळाचंही सांगते, कारण नवीन माणूस पहिले पैसे तिथेच घालतो. दिसतंच तसं ते, चिलखत, भाले, फडफडणारी निशाणं. किंमत माझ्या आयर्नक्लॅडांच्या दुपटीच्या आसपास. सोळा फासे, तीनपासून वर फटका, आणि पहिल्या धडकेला असा जोर की माझा पाचाचा बचाव तिनावर येतो. सरासरी सात जखमा. भयंकर आहे! पण पुढे मोजा. सात जखमांवर सोळा गाठायला फाशांवर नऊ किंवा जास्त हवेत, छत्तीसात दहा वेळा. अकरा वेळा माझी तुकडी डगमगेल. उरलेल्या पंधरा वेळा ती ठाम उभी राहील. मग ते महागडे सरदार माझ्या रांगेला खेटून उभे असतील, शेजारची तुकडी त्यांच्या बगलेत शिरेल, आणि एकदा मार खाल्ला की त्यांच्या धडकेतला जोर गेला. घोडदळ वाईट असं मी म्हणत नाही. दोन तुकड्यांनी मिळून एकाच ठिकाणी धडक दिली तर ते फौज उभी चिरतं. एकटं पाठवलं तर तो नुसता खर्च आहे.

आणि आता माझी लाडकी तुकडी. कुत्री. बुटक्यांच्या फौजेत शिकारी कुत्र्यांचा एक स्वस्त कळप मिळतो. या खेळात असल्या स्वस्त, चपळ तुकड्यांना 'चॅफ' म्हणतात, म्हणजे कोंडा. मला तो शब्द आवडत नाही, पण सगळे वापरतात. कुत्र्यांचा धीर यथातथाच, मारही फार देत नाहीत. त्यांचं काम वेगळंच आहे. शत्रूचं घोडदळ माझ्या रांगेकडे तोंड करून सज्ज असतं, तेव्हा कुत्री पळत जाऊन त्याच्या नाकासमोर आडवी उभी राहतात. आता वाट बंद. एक तर घोडदळाने थांबायचं, म्हणजे सहा फेऱ्यांतली एक वाया. नाहीतर कुत्र्यांवर धडक द्यायची. कुत्री मोडतात, आणि घोडदळ माझ्या दोन तुकड्यांच्या आठ इंचांच्या आत उघड्यावर सापडतं. एक तुकडी समोरून जाते, एक बाजूने.

नॉटिंगहॅमच्या क्लबात माझ्यासमोर बरेचदा एक निवृत्त बसचालक खेळायचे. डावाआधी ते माझ्या फौजेतल्या एकेका तुकडीवर बोट ठेवून एकच गोष्ट विचारत: ही मेली, तर मरताना तिने काय मिळवलेलं असेल? ज्या तुकडीबद्दल मला उत्तर देता यायचं नाही ती यादीतून काढायची. एवढी एक फूटपट्टी मी तेव्हापासून वापरते. कुत्र्यांचं उत्तर तयार असतं. ड्रॅगनचं बहुधा नसतं.

फौज निवडण्यावरही या खेळाने लगाम घातलेत. मला चार तोफा, तीन राजे आणि एक लोखंडी रणगाडा अशी फौज घेता येत नाही. वीस जणांची एक तुकडी घेतली की तिच्यामुळे एक सरदार किंवा राक्षस किंवा तोफ, आणि दोन लहान तुकड्या घेण्याचा हक्क मिळतो. आधी रांगेतली माणसं, मग मिरवणारे. वॉरहॅमरच्या २०१० च्या आवृत्तीतही फौजेचा किमान पाव हिस्सा मूळ पायदळाचा असावा अशी अट होती. हे काही इंग्रजांचंच डोकं नाही. महाभारतातली अक्षौहिणी आठवा. पायाचा हिशेब एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ. तोच गुणत गुणत २१,८७० रथ आणि १,०९,३५० पायदळापर्यंत जातो. संस्कृतच्या बाईंनी हे आपल्याला पाठ करायला लावलं होतं. मला ते अठ्ठावीस वर्षांनी उपयोगी पडलं, बाई, आणि तेही परीक्षेबाहेर.

शेवटी डाव जिंकतो कोण? पुष्कळदा जागा कुणी धरली यावर निकाल असतो. टेबलावर काही ठिकाणं ठरलेली असतात, सहाव्या किंवा सातव्या फेरीअखेर तिथे कुणाचं वजन जास्त हे मोजतात. वीस जणांच्या पायदळाचं वजन तीन. तोफेचं शून्य. डावभर जिने दणादण आवाज केला, जिच्यामुळे समोरच्याची झोप उडाली, तिचं शून्य! मी दोन वेळा असे डाव जिंकलेत की समोरच्याने माझी निम्म्याहून जास्त फौज कापली होती, आणि उरलेल्या तीन मळक्या तुकड्या तीन ठिकाणी पाय रोवून उभ्या होत्या.

आता त्या आठ्यांकडे येते.

दुपारच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत चौथा विषय आहे. शाळेत आता मुलांच्या तुकड्या मिसळून पाडतात. त्या पुन्हा आठवीपासून वार्षिक परीक्षेच्या गुणांप्रमाणे पाडाव्यात, आणि 'अ' तुकडीच्या जादा तासांसाठी आपण माजी विद्यार्थ्यांनी निधी द्यावा, असा प्रस्ताव आलाय. प्रस्ताव मांडणाऱ्या मित्राचा हेतू चांगला आहे, शाळेचा निकाल वर यावा. मी स्वतः तीन वर्षं 'अ' तुकडीत होते, त्याचा फायदा मला झाला, हे कबूल. प्रयोगशाळेची किल्ली आधी आम्हाला मिळायची. विज्ञान प्रदर्शनाला आम्हीच जायचो. म्हणून हे मी बोललेलं बरं. 'क' मधल्या कुणी बोललं तर त्याला लगेच म्हणतील, अजून सल आहे याच्या मनात.

गुण नकोत असं माझं म्हणणं नाही. गुणांशिवाय मला बरोबरीचा सामनाच लावता येणार नाही. पण या खेळात गुण कोण ठरवतं, कसे ठरवतं, ते बघा. काही माणसं एकत्र बसून अंदाज करतात: या तुकडीची किंमत इतकी. मग जगभर लोक खेळतात. वर्षभरात दिसतं की अमक्या तुकडीला जास्त लावले, तमकीला कमी. मँटिक कंपनी 'क्लॅश ऑफ किंग्ज' नावाचं पुस्तक काढते आणि गुण दुरुस्त करते. पुढे पुन्हा तेच. आमचा अंदाज होता, आता जास्त माहिती आली, म्हणून आकडा बदलला, असं ते सरळ सांगतात. प्लॅस्टिकच्या बुटक्यांच्या बाबतीत एवढी काळजी घेतात. आपल्या वेळी सातवीच्या एका परीक्षेवर आठवीची तुकडी पडली, आणि दहावीचा निरोप समारंभ होईपर्यंत ती कुणाचीही बदलली नाही. एकाचीही नाही. माझ्या शेजारच्या वाड्यातल्या मैत्रिणीला सातवीच्या परीक्षेच्या आठवड्यात गोवर आला होता. ती तीन वर्षं 'क' मध्ये होती आणि बोर्डात तिला गणितात माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. ती पाचव्या रांगेत बसलीय, तिची परवानगी घेऊन सांगतेय.

बाई, सर, राग मानू नका. साठ साठ मुलांचे वर्ग होते, तुमच्यावर निकालाचं ओझं होतं, आणि पद्धत तुम्ही काढलेली नव्हती. पण दुपारी हात वर करण्याआधी माझ्या दोन शंका विषयपत्रिकेला जोडाव्यात अशी माझी विनंती आहे. हे गुण दर वर्षी दुरुस्त होणार आहेत का, आणि ते कोण करणार? आणि 'अ' च्या जादा तासांना पैसे दिल्यावर 'क' च्या मुलांच्या शेजारी कोण उभं राहणार? दुसऱ्याचं उत्तर मिळालं नाही तर माझी वर्गणी मी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या किल्लीसाठी देईन. किल्ली करायला फार पैसे लागत नाहीत, उरलेल्यात काचसामान येईल.

एक निरीक्षण जाता जाता. आजच्या मेळाव्यासाठी एकशेबारा जणांचे फोन नंबर शोधून काढले कुणी? मांडव, जेवण, जुन्या शिक्षकांना घरून आणायला गाड्या, हे कुणी बघितलं? मी काल संयोजन समितीची यादी वाचली. नऊ जणांतले सात 'क' चे आहेत, दोन 'ब' चे. आम्ही 'अ' वाले भाषणं करतोय. तोफा.

माझी वीस मिनिटं संपत आलीत, घंटेकडे हात गेलेला दिसतोय. बैठकीनंतर चित्रकलेच्या खोलीत दोन टेबलं जोडून ठेवलीत, सहा फूट बाय चार. बुटक्यांच्या सहा तुकड्या, कुत्र्यांचा एक कळप आणि समोर ऑर्कांची तेवढ्याच गुणांची फौज आणलीय. नियम दहा मिनिटांत शिकवते. फासे मात्र पंचवीस लागतात आणि माझ्या डबीत अठराच निघाले, तेव्हा कुणाच्या मुलांच्या पिशवीत लुडो किंवा सापशिडी असेल तर घेऊन या. पहिला डाव पाचव्या रांगेतल्या मैत्रिणीचा. ऑर्क तिला दिलेत.